अण्णांचा अर्ज

परवा २५ जूनला आईचा सत्कार झाला. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांचा आणि जे आता हयात नाहीत त्यांच्या पत्नींचा कार्यक्रम होता. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. आईला ८४ पूर्ण झालीत, दोन्ही गुडघे गेलेत. मी आणि भाचीनं दोन्हीकडून धरून तिला स्टेजवर चढवलं. भाषणं तासभर चालली. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "एवढं सगळे बोलले गं, पण ह्यांच्या पायाचं कुणी काढलं नाही."

ते पायाचं काय, हे सांगायला ही पोस्ट लिहितेय. लांबली आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

आमचे अण्णा शाळामास्तर, राष्ट्र सेवादलातले. जुलै १९७५ मध्ये रात्री साध्या कपड्यातले दोघं आणि एक जमादार असे दारात आले. मी नऊ वर्षांची होते. 'मिसा', म्हणजे विनाचौकशी तुरुंगात ठेवायचा कायदा, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. येरवड्याला पाठवण्याआधी तीन रात्री अण्णांना एका पोलिस ठाण्यात ठेवलं होतं. पत्रकं कुणी छापली, सायक्लोस्टाइलचं यंत्र कुठं आहे, एवढंच त्यांना विचारत होते. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते सुटून आले. जेवायला पाट मांडला तर त्यांना मांडी घालता येईना. उभ्यानंच म्हणाले, "मी नंतर जेवतो."

त्या रात्री आजीनं एरंडेल कोमट करून त्यांचे तळवे हातात घेतले. आजी वाळवा तालुक्यातली. तिनं टाचेजवळ अंगठा फिरवला, थांबली आणि म्हणाली, "ही पत्री हाय."

सांगली-साताऱ्याच्या बाहेरच्यांना हे कदाचित कळणार नाही. १९४३ ते ४६ या काळात आपल्याकडं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. लोक त्याला पत्री सरकार म्हणतात, कारण खबऱ्यांना आणि गुंडांना तळपायावर मारायचे, त्याला पत्री मारणं म्हणायचे. आजीच्या गावात असा एक माणूस होता. तो खबऱ्या होता की नव्हता, यावर गावात शेवटपर्यंत दोन मतं होती. जन्मभर पाय ओढत चालला. आजी त्याला ताक द्यायची. तीस वर्षांनी स्वातंत्र्याच्या राज्यात तिनं तेच तळवे आपल्या मुलाच्या पायाला पाहिले.

प्रतिसरकारचा मला अभिमान आहे. आमच्या घरात भाकरी बांधून भूमिगतांना पोचवल्या गेल्या आहेत. तरीही १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, भूमिगतांवरची वॉरंटं मागं घेतली गेली, मिरवणुका झाल्या, तेव्हा त्या पाय ओढणाऱ्या माणसाला कुणी विचारायला गेलं नाही, हेही मला लिहायलाच हवं. आपल्या बाजूनं मारलेल्या माराबद्दल बोलायचं नसेल, तर दुसऱ्यानं मारलेल्या माराबद्दल बोलण्याचा हक्क आपल्याकडं उरत नाही.

कार्यक्रमानंतर एका ओळखीच्या कार्यकर्त्यानं मला विचारलं, "ताई, पन्नास वर्षं झाली. आता जुनं कशाला उकरायचं? प्रत्येक नवीन सरकार आधीच्याची चौकशी करत बसलं तर कामं कधी व्हायची?" पोरगा चांगला आहे, मनापासून विचारत होता. त्याला मी उभ्या उभ्या जे सांगितलं ते इथं सविस्तर सांगते.

आधीच्याची चौकशी करायची नाही, हा नियम आपल्याकडं कधी होता? आपल्या भागात साखर कारखान्यात पॅनल बदललं की पहिल्याच महिन्यात काय होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. सहकार कायद्याचं कलम ८३ लावून चौकशी, मग ८८ लावून जबाबदारी निश्चिती. पोती किती कमी भरली, मळी कुणाला विकली, तोडणी-वाहतुकीचा ॲडव्हान्स कुणाच्या खात्यात गेला. त्यात कुणाला सूड दिसत नाही. मुंबईत-दिल्लीत सरकार बदललं तरी तेच. टेंडरं, सिंचन, जमिनी, सगळ्याच्या फायली निघतात. आणि निघाव्यातही. फक्त कोठडीची फाईल निघत नाही. साखरेच्या पोत्याचा हिशेब मागणारे आपण, माणसाच्या पायाचा मागताना मात्र आपल्याला एकदम क्षमा आणि पुढं बघणं आठवतं.

एकदा चौकशी खरंच झाली होती, हे नव्या पिढीला माहीत नसतं. मे १९७७ मध्ये जनता सरकारनं माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा आयोग नेमला. त्याच्याकडं सुमारे ४८ हजार तक्रारी गेल्या. त्यात एक अण्णांची. त्यांनी चार पानं लिहिली, रजिस्टर पोस्टानं पाठवली, कार्बन कॉपी ठेवली. आयोगानं १९७८ मध्ये तीन अहवाल दिले. आणीबाणीत १ लाख १० हजार ८०६ माणसं आत टाकली गेली, हा आकडा आपल्याला त्या अहवालांमुळं माहीत आहे. १९७९ मध्ये जनता सरकार आपसातल्या भांडणात पडलं, १९८० मध्ये इंदिराजी परत आल्या आणि अहवालाच्या प्रतीही मिळेनाशा झाल्या. खासदार राहिलेल्या इरा सेझियन यांनी २०१० मध्ये तो पुन्हा छापून काढला, तेव्हा कुठं तो लोकांच्या हाती आला. अण्णांच्या अर्जाला उत्तर आलं नाही.

मी वकील आहे, म्हणून एक निकाल मला फार टोचतो. २८ एप्रिल १९७६, एडीएम जबलपूर खटला. आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही, असं चार विरुद्ध एक मतांनी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. पोलिसानं एखाद्याचा जीव घेतला तरी काही करता येणार नाही का, असं न्या. खन्नांनी विचारलं, तेव्हा आणीबाणी आहे तोवर नाही, असंच उत्तर सरकारच्या वकिलानं दिलं. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. आणि बहुमतातल्या न्या. बेग यांनी लिहिलं की स्थानबद्धांची सरकार जवळजवळ आईच्या मायेनं काळजी घेत आहे. त्याच्या दोनच महिने आधी, १ मार्च १९७६ ला केरळात राजन नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी पोलिसांनी कॉलेजमधून उचलला होता. कक्कयमच्या छावणीत त्याचा छळ झाला. तो परत आला नाही, त्याचा देहसुद्धा मिळाला नाही. त्याचे वडील प्रा. ईचर वॉरियर वर्षभर दारोदार फिरले. आणीबाणी उठल्यावर ते हायकोर्टात गेले, आणि आणीबाणीत गृहमंत्री असलेले, नुकतेच मुख्यमंत्री झालेले करुणाकरन यांना महिन्याभरात खुर्ची सोडावी लागली. आईची माया म्हणजे काय होती, हे देशाला एका बापाच्या हट्टामुळं कळलं. तो माणूस गप्प बसला असता तर ते निकालातलं वाक्यच इतिहास म्हणून उरलं असतं.

आता मला खरं म्हणायचंय ते. नवीन सरकार कोठडीची चौकशी का करत नाही? मोठ्या मनामुळं नाही. तोच हात त्यालाही उद्या लागणार असतो. सरकार मुंबईत बदलतं, ठाण्यातला जमादार तोच राहतो. मिसा गेला, पण १९८० मध्ये रासुका, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा, आला. मिसात गेलेली माणसं पुढं मंत्री झाली, त्यांच्या पक्षांची सरकारं आली, रासुका तसाच आहे. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती ही त्या काळाची मोठी कमाई. जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हे तिनं पक्कं केलं. पण तिच्यातलंच कलम ३, विनाचौकशी स्थानबद्धतेला लगाम घालणारं, आजपर्यंत लागू झालेलं नाही. संसदेनं मंजूर केलंय, नुसती अधिसूचना काढायची आहे, आणि इतक्या वर्षांत एकाही सरकारनं ती काढली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, तिला संसदेच्या कायद्याची जोड अजून नाही. २०१० मध्ये विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं, संपलं. या मधल्या काळात दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारं बसून गेली.

अमेरिकेचंही वेगळं नाही. सीआयएनं बंद्यांना पाण्यात गुदमरवलं, झोपू दिलं नाही, पेटीत कोंडलं. २००९ मध्ये बराक ओबामा आले आणि मागं बघण्यापेक्षा पुढं बघू म्हणाले. छळाला परवानगी देणारी कायदेशीर टिपणं त्यांनी प्रसिद्ध केली, पण ती लिहिणाऱ्या-मागणाऱ्यांपैकी कुणावर खटला झाला नाही. सिनेटच्या अहवालाचा सारांश डिसेंबर २०१४ मध्ये आला, पूर्ण अहवाल अजून गुप्त आहे. आणि २०१८ मध्ये सीआयएच्या प्रमुखपदी जी व्यक्ती बसली, तिनं थायलंडमधल्या अशाच एका गुप्त तळाचा कारभार पाहिलेला होता. पुढं बघितल्यावर हे दिसलं. अर्जेंटिनानं उलटं केलं. लष्करशहा गेल्यावर १९८३ मध्ये नागरी आयोग नेमला, १९८५ मध्ये सेनाधिकाऱ्यांना उघड कोर्टात उभं केलं. मधे माफ्या झाल्या, कायदे फिरले, पण कागद झालेला होता. म्हणून २००५ नंतर खटले पुन्हा उभे राहिले आणि २०१३ मध्ये हुकूमशहा व्हिडेला तुरुंगातच मेला.

आणि लांब कशाला जायचं? रामशास्त्री प्रभुणे आपल्याच कृष्णेकाठचे, माहुलीचे. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला, राघोबादादा गादीवर बसले. शास्त्रीबुवांनी सरकार बदलायची वाट बघितली नाही. गादीवरच्या पेशव्याचीच चौकशी केली, दोषी धरलं, आणि पद टाकून पुणं सोडलं. शाळेत हा धडा आपण पाठ करतो.

आपल्याकडं चौकशीची जागा आता मानधनानं घेतलीय. २०१८ मध्ये राज्य सरकारनं आणीबाणीतल्या बंद्यांना मानधन सुरू केलं. महिन्यापेक्षा जास्त आत असाल तर १० हजार, कमी असाल तर ५ हजार. अण्णा तेव्हा ८३ वर्षांचे. किती दिवस आत होता, याचा पुरावा जोडायचा होता. अर्ज भरता भरता त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "काय झालं, हे कुठं लिहायचं?" मी निरुत्तर झाले. २०२० मध्ये पुढच्या सरकारनं मानधन बंद केलं. २०२१ मध्ये अण्णा गेले. २०२२ मध्ये त्याच्या पुढच्या सरकारनं ते पुन्हा चालू केलं. आईला ते मिळतं, औषधांना उपयोगी पडतं, मी नाकारत नाही. पण जे एक सरकार देतं आणि दुसरं काढून घेतं, त्याला न्याय कसं म्हणू?

माझी स्वतःची पस्तीस वर्षं कोर्टात गेली. रिमांडला पोराला उभं करतात. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" पोरगं आधी मान वळवून मागं उभ्या असलेल्या हवालदाराकडं बघतं, मग म्हणतं, "नाही साहेब." कारण संध्याकाळी त्याला त्याच हवालदाराबरोबर परत जायचं असतं, पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी, अजून तीन दिवसांची बाकी असते. हे मी सगळ्या पक्षांच्या राज्यात पाहिलं. कोठडीत कुणी मेलं तर न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी कायद्यानंच होते. २०१७ चा नोव्हेंबर सांगलीकर विसरलेले नाहीत. कोठडीतला तरुण मारहाणीत गेला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, या आरोपाखाली पोलिसांनाच अटक झाली. सगळं शहर हादरलं होतं. पण तो जिवंत सुटला असता, तळवे सुजलेले घेऊन घरी आला असता, तर कुठली चौकशी सुरू झाली असती?

पोलिसांचं मनोधैर्य खचेल, असं म्हणतात. माझ्या ओळखीत कितीतरी चांगले पोलिस आहेत. तपास लावायला माणूस कमी, वेळ कमी, वरून फोन. "उद्यापर्यंत कबूल करून घे" म्हणणारा कुणी वेगळाच असतो, हात मात्र हवालदाराचा असतो. चौकशी वरपर्यंत गेली तर या माणसांचं ओझं उतरेलच.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. सरकार बदलो न बदलो, कोठडीतल्या वागणुकीची तक्रार गृहखात्याच्या बाहेर कुणीतरी ऐकावी, ठरलेल्या मुदतीत अहवाल यावा, तो छापावा, आणि नव्या सरकारनं आपल्या मर्जीतल्या अधिकाऱ्याला त्यातून वगळू नये. आधी कुणाचं सरकार होतं, हे बघून नव्हे. शिक्षा झाली तर झाली, पण नोंद झालीच पाहिजे.

अण्णांना मारणारा जमादार त्यांना १९८५ च्या सुमारास मंडईत भेटला. निवृत्त झालेला, हातात नातू. मी बरोबर होते. तो म्हणाला, "नमस्कार गुरुजी, ओळखलं का?" अण्णा म्हणाले, "नमस्कार." मेथीची जुडी पिशवीत घालायची राहिली होती, ती तशीच हातात धरून ते उभे राहिले. तो गेल्यावर मी विचारलं, कोण होते? त्यांनी मला नाव सांगितलं, बाकी काही नाही. उरलेलं मला ट्रंकेतल्या कार्बन कॉपीतून कळलं, ते गेल्यावर.

त्या अर्जाच्या चौथ्या पानाचा फोटो सोबत टाकते आहे. अक्षरं निळी, पुसट झालीत, पण वाचता येतात. जिथं त्या माणसाचं आणि त्याच्या वरच्या साहेबाचं नाव आहे, ती ओळ मी झाकली आहे. जमादार आता नाही, त्याची नातवंडं याच शहरात आहेत. साहेबाचं मला माहीत नाही. ती ओळ उघडायचं काम मुलीचं नाही. १९७७ पासून ते ज्यांच्याकडं आहे, त्यांनी ते करावं. मूळ अर्ज पाठवल्याची रजिस्टर पोस्टाची पावती आईनं जपून ठेवली आहे.