खरं बोलूनही नरक, खोटं बोलूनही नरक

कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. काही झालं तरी खरंच बोलायचं, हे या तपस्व्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली माणसं त्याच्या जवळच्या रानात शिरतात. मागून दरोडेखोर येऊन विचारतात आणि हा पठ्ठ्या खरं सांगून मोकळा होतो. माणसं मारली जातात, कौशिक नरकात जातो.

१७९७ साली जर्मन तत्त्वज्ञ कांटने जवळजवळ हाच प्रसंग घेतला. मित्र तुमच्या घरात लपलाय, खुनी दारात उभा आहे. कांट म्हणतो, तरीही खोटं बोलू नका. का? तुम्ही ‘तो घरात नाही’ म्हणालात, तेवढ्यात मित्र तुमच्या नकळत बाहेर पडलेला असला आणि खुन्याला वाटेत सापडला, तर दोष तुमच्यावर येईल. मला इथे दरवेळी हसू येतं. परिणामांकडे बघू नका म्हणणारा माणूस शेवटी परिणामांचीच भीती घालतो!

मग परिणामांवरूनच बरंवाईट ठरवणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमकडे जायचं? जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख? बरीच वर्षं मी तिथेच होतो. पुढचं कुणाला दिसतं, हा नेहमीचा आक्षेप मला फारसा पटत नाही. अंदाज तर आपण रोजच बांधतो. माझी अडचण वेगळी आहे. हिशेब करणारे आपण, त्यात फायदा असणारेही आपणच, आणि उत्तर बहुतेक वेळा आपल्या सोयीचं निघतं.

मावशीचा आजार आम्ही तिच्यापासून लपवला. ‘तिला त्रास नको,’ असं घरात सगळ्यांचं ठरलं. खरं तर तिचं रडणं आम्हाला झेपलं नसतं. तिचे शेवटचे महिने हसतखेळत गेले, म्हणजे परिणाम चांगलाच म्हणायचा. फक्त एकदा तिने विचारलं, “मी बरी होणार ना रे?” मी मोबाइलकडे बघत “हो” म्हणालो.

‘नरो वा कुंजरो वा’ने काम फत्ते झालं, द्रोण पडले. तरी युधिष्ठिराचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आलाच. शेवटी त्यालाही नरक बघावा लागला, आणि इंद्राने कारण सांगितलं ते द्रोणांशी केलेल्या कपटाचं. युद्ध जिंकलं म्हणून ते खातं मिटलं नाही. मला हे कांट आणि बेंथम दोघांपेक्षा जास्त पटतं. दारात खुनी असेल तर मी खोटं बोलेन, बेधडक बोलेन, आणि ते खोटंच होतं हेही मान्य करेन.

पण मावशीच्या दारात कुणी खुनी नव्हता. मामाशी तिचा दहा वर्षांचा अबोला होता. कळलं असतं तर तिने त्याला फोन केला असता का, कोण जाणे. आमच्या हिशेबात मामा कुठे नव्हताच.