वाकून बघावे, हात लावू नये

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला तिकीट नाही. फुकट आहे म्हटल्यावर मराठी माणूस दहाच्या ठोक्याला दारात हजर. पायऱ्या उतरून तो 1 ते 7 क्रमांकाच्या दालनांत शिरतो. तिथे 1600 ते 1815 या काळातला युरोप मांडलाय : कपाटं, खुर्च्या, घड्याळं, बशा, पडदे. शहाण्या माणसासारखा तो 1 नंबरपासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो, कारण काळ उलटा धावतो. सर्वांत जुनं ते 7 मध्ये आणि नेपोलियनच्या काळातलं 1 मध्ये. तेव्हा आधी सरळ टोकाला जा आणि मागे येत राहा.

चित्र कसं बघायचं याचा आव तरी आणता येतो : दोन पावलं मागे, मान तिरकी, एक 'हं'. कपाटासमोर ही युक्ती चालत नाही. 'काय ते कोरीव काम!' एवढं म्हणून झालं की विषय संपतो, आणि पुढच्या कपाटावरही कोरीव कामच असतं. तिसऱ्या दालनात पोटऱ्या बोलायला लागतात. आजूबाजूला इतक्या खुर्च्या आणि बसायला एकही नाही, हा छळ तर सोडूनच द्या.

माझं स्पष्ट मत आहे की या विभागात बघण्यासारखं जे काही असतं ते बहुतेक खाली, मागे किंवा आत असतं, आणि म्युझियमवाले मांडतात वरची बाजू. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुतारांच्या संघाने कारागिराला आपल्या नावाचा शिक्का मारायची सक्ती केली. तो मारायचा कुठे? खुर्चीच्या बैठकीच्या पट्टीला खालून, नाहीतर खणांच्या कपाटावरचा संगमरवर उचलल्यावर दिसेल असा. शेजारी 'जेएमई' ही तीन अक्षरं असली की संघाने माल तपासला असं समजायचं. म्हणजे जाणकार माणूस ओळखायची खूण अशी की तो दालनात उकिडवा बसलेला असतो आणि पहारेकरी त्याच्याकडे बघत असतो. बरं, शिक्का सापडला म्हणून हुरळू नये, खोटे शिक्केही भरपूर आहेत. नाही सापडला तरी खट्टू होऊ नये. राजाच्या खास कारागिरांना शिक्क्याची सूट होती, त्यामुळे सगळ्यात भारी कपाट नेमकं बिननावाचं असू शकतं.

फ्रेंच राजाचा कपाटकार आंद्रे-शार्ल बूल याच्या धाटणीचं कपाट दिसलं तर मात्र थांबा. पितळेचा पत्रा आणि कासवाचं कवच एकावर एक ठेवून बारीक करवतीने एकाच वेळी नक्षी कापायची. मग कवचात पितळेची वेल बसवली की एक कपाट तयार आणि उरलेल्या पितळेत कवचाची वेल बसवली की दुसरं. काही वाया नाही. कोकणस्थाने करावं असं काम, केलं फ्रेंचांनी. गोची पुढे होते. खालचं लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं-आकसतं, पितळ तसं करत नाही आणि दोघांना धरून ठेवणारा प्राण्यांच्या हाडाकातड्यांचा सरस सुकून ठिसूळ होतो. पितळेचं टोक केसभर वर येतं. त्यात फडक्याचा धागा अडकला की अख्खी वेल सोलून निघते. म्हणून अशा कपाटाला फडकं लावत नाहीत, मऊ ब्रशने धूळ उडवतात आणि ती व्हॅक्यूमच्या तोंडाने वरच्या वर टिपून घेतात. तिरक्या कोनातून बघा, उठलेली टोकं दिसतात. समोरून काही कळत नाही.

पण दिसायला उजेड हवा ना! कापड आणि भरतकाम असलं की उजेड साधारण 50 लक्सवर (लक्स म्हणजे उजेडाचं माप) म्हणजे मंदच ठेवतात, नाहीतर रंग उडतात. चिनी मातीला आणि काचेला उजेडाचं भय नसतं, ती लखलखत असतात. लखलखाटातून थेट अंधारात शिरलं की पाटीवर काय लिहिलंय ते कळत नाही आणि माणूस चष्म्याला दोष देतो. चष्मा ठीक आहे, पाच मिनिटं उभे राहा, डोळे सरावतात. तेवढ्यात घरच्यांनी पुढच्या दोन शतकांना मागे टाकलेलं असतं.

आता पोर्सलीन. जर्मनीतल्या सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्ट, त्याला चिनी भांड्यांचं असं वेड की 1717 साली त्याने प्रशियाच्या राजाला 600 घोडदळाचे शिपाई देऊन 151 भांडी घेतली. नगाला चार शिपाई. तोवर सॅक्सनीतल्या मीसेन गावी ऑगस्टचा स्वतःचा पोर्सलीनचा कारखाना सुरू होऊन सात वर्षं झाली होती. सोनं बनवून देतो म्हणणाऱ्या ब्योटगरला कोंडून ठेवलं होतं, त्याच्या हातून सोन्याऐवजी पोर्सलीन झालं. मग राजाला मोठमोठे प्राणी हवे झाले. मीसेनचा मूर्तिकार केंडलर याने 1732 साली केलेली शेळी याच म्युझियममध्ये आहे. तिच्या अंगावरच्या चिरा जरूर बघा. कुणी पाडलेली नाही ती. एवढा जाड ऐवज आत-बाहेर सारखा वाळत नाही आणि भट्टीत आकसतोही बराच, मग तडकणारच. रंग पक्का करायला पुन्हा भट्टीत घालायची छाती होईना, म्हणून अशा प्राण्यांवर न भाजलेला रंग लावला, तो पुढे पोपडे धरून गळाला.

मीसेनच्या भांड्यांवर बुडाशी एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी, फ्रान्सच्या सेव्र कारखान्याच्या भांड्यांच्या बुडाशी एकमेकांत गुंतलेले दोन एल आणि मध्ये वर्षाचं अक्षर. ए म्हणजे 1753, झेड म्हणजे 1777, पुढे दोन-दोन अक्षरं. सुंदर पद्धत. एकच अडचण, नक्कल करणाऱ्यांनाही ती तेवढीच सुंदर वाटली. म्हणून जाणकार खुणेकडे शेवटी बघतात, आधी मातीकडे आणि रंगाकडे. सेव्रच्या जुन्या मऊ पोर्सलीनमध्ये रंग झिलईत मुरलेला दिसतो, कडक पोर्सलीनवर तो वरवर बसतो. कडक पोर्सलीनला लागणारी केओलिन नावाची पांढरी माती फ्रान्समध्ये लिमोजजवळ 1768 साली सापडली. खूण त्याआधीची आणि माती कडक, असं दिसलं तर विकणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

इथला उत्तम फ्रेंच ऐवज 1882 साली जॉन जोन्स नावाच्या माणसाच्या मृत्युपत्रातून आला. जोन्स शिंपी होता, सैन्याचे गणवेश शिवून त्याने पैसा केला. उमरावांपेक्षा त्याला टाके नीट कळत असावेत.

म्युझियममध्ये वस्तू हाताळणाऱ्यांचे नियम घरीही उपयोगी आहेत. चांदीला हातमोजे, कारण घामाचे ठसे धातूत उतरतात. पोर्सलीनला सुती हातमोजे मुळीच नाहीत, सटकतं ते. स्वच्छ कोरडे हात, एक बुडाखाली. कपाचा कान धरून उचलायचं नाही. खुर्ची नेहमी बैठकीच्या चौकटीला धरून उचलायची. आपण पिढ्यान्‌पिढ्या पाठ धरून ओढत आलो आणि मग खुर्ची डुगडुगते म्हणून सुताराला शिव्या देत आलो.

ब्रिटिश दालनात इंग्लंडमधल्या वेअर गावचा भलामोठा पलंग आहे, 1590 च्या दशकातला, सव्वातीन मीटर रुंद. हा सरायीत असायचा. झोपायला आलेल्यांनी खांबांवर आपली नावं कोरलीत. गडावरच्या बुरुजांवर नावं बघून ज्यांचा संताप होतो त्यांनी इथे थोडा वेळ उभं राहावं. चारशे वर्षं झाली की त्याच उपद्व्यापाला पाटी लागते.

बसायचं असेल तर म्युझियमचं उपाहारगृह गाठा. तिथल्या गॅम्बल रूमच्या खांबांना आणि भिंतींना मुद्दाम चिनी मातीचं आवरण दिलंय, आगीची भीती कमी आणि पुसायला सोपं. एवढ्या वेळात बुडं बघायची सवय हाताला लागलेली असते. तेव्हा एकच सूचना : खूण बघायला कप उलटा करण्याआधी चहा संपवा.