तोरू दत्त परकी? सोलापूरकरांनी तरी असं म्हणू नये

आमच्या दोन-तीन ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की एकोणिसाव्या शतकातली बंगाली कवयित्री तोरू दत्त म्हणजे लंडनच्या गोऱ्यांनी मोठी केलेली पोरगी, स्वतःचं काही नाही, नुसती भाषांतरं, इंग्रजीत लिहिलं म्हणजे आपली नाहीच, आणि घर ख्रिस्ती झालेलं त्यामुळे आपल्या पुराणांशी हिचा काय संबंध. पाठवणाऱ्यांत आमचे एक काका पण आहेत म्हणून जरा सांभाळून लिहितो.

लंडनचं आधी. तिच्या हयातीत पुस्तक एकच आलं, १८७६ ला, फ्रेंच कवितांच्या इंग्रजी भाषांतरांचं, आणि ते छापलं कलकत्त्यात भवानीपूरला, प्रस्तावना वगैरे काही नाही. त्याची प्रत लंडनच्या एका साप्ताहिकाच्या ऑफिसात पोचली तेव्हा एडमंड गॉस नावाच्या समीक्षकाने ती नारिंगी रंगाची चोपडी बघून नाक मुरडलं, ही रद्दीतच जायच्या लायकीची वाटली होती असं त्यानेच नंतर लिहून ठेवलंय, मग वाचली आणि गडी गार! कौतुक केलं त्याने, खरंय, पण पुढच्याच वर्षी ३० ऑगस्टला क्षयाने ती गेली, वय २१. मोठी करायला वेळ कुठं होता?

भाषांतरांचं म्हणाल तर ती गेल्यावर १८८२ ला दुसरा संग्रह निघाला, त्यात सावित्री, ध्रुव, प्रल्हाद, एकलव्य सगळे आहेत. शिवाय फ्रेंचमध्ये अख्खी कादंबरी, पॅरिसला १८७९ मध्ये छापलेली.

आणि भाषेवरून परकी ठरवायचं, तेही सोलापुरात बसून? आपल्या पूर्व भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड नि हिंदी, कुणी विचारतं का तुम्ही नक्की कुठले म्हणून?

एक मात्र कबूल. चार वर्षं युरोपात राहून आल्यावर तिला इंग्लंडची फार आठवण यायची, पत्रात आपल्याच लोकांना ‘नेटिव्ह’ लिहून बसली, त्यावर इंग्रज मैत्रिणीनेच टोकलं, तर हिने सरळ मान्य केलं की बरोबर आहे, यापुढे जपेन. मेसेजवाल्यांनी हे पत्र शोधलं असतं तर मुद्दा तरी झाला असता.

राहिला धर्म. घर ख्रिस्ती झालं १८६२ ला, तेव्हा ती सहा वर्षांची. पण पुराणातल्या गोष्टी आईकडूनच ऐकलेल्या, आणि युरोपातून परतल्यावर तर वडिलांबरोबर संस्कृत शिकायला बसली. ‘सीता’ नावाची तिची छोटीशी कविता बघा, अंधाऱ्या खोलीत तीन मुलं आईकडून सीतेच्या वनवासाची गोष्ट ऐकतायत आणि रडतायत, शेवटी कवयित्री विचारते, ही तिघं पुन्हा आईजवळ कधी जमणार. भाऊ अब्जू १८६५ लाच गेलेला, बहीण आरू १८७४ ला. काका, हे पुराणांशी संबंध नसलेल्या मुलीचं लिखाण वाटतं का तुम्हाला?