चार रिंगा मान्य, पण म्हणून शॅक ॲनालिस्ट होत नाही

शॅकिल ओनील म्हणजे शॅक, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचा जुना स्टार आणि आता 'इनसाइड द एनबीए' या टीव्ही शोवरचा ॲनालिस्ट. त्याला कोणी नावं ठेवली की लगेच तोच ठरलेला युक्तिवाद येतो. त्याच्याकडे चार रिंगा (म्हणजे चार वेळा एनबीए चॅम्पियन) आहेत, तुमच्याकडे किती? तो तोंडावर खरं बोलतो, आजच्या पोरांना ते झेपत नाही, सेंटरचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या सगळ्यात उंच प्लेअरचा, खेळ त्याच्याइतका कुणाला कळत नाही, थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) मारमारून यांनी बास्केटबॉलची वाट लावली आणि शो तर नंबर वन आहे, मग अजून काय पाहिजे. लोक हे इतक्या वेळा फॉरवर्ड करतात की आता एकेक मुद्दा घेऊनच बोलू.

रिंगांचं आधी. 2000, 2001, 2002 लेकर्सबरोबर आणि 2006 मायामीबरोबर, त्यातल्या पहिल्या तिन्हीत फायनल्स एमव्हीपी, म्हणजे फायनलचा सर्वोत्तम प्लेअर. 2000 च्या फायनलमध्ये इंडियानाविरुद्ध सरासरी 38 पॉइंट, बॉल आत गेला की विषय संपला. यावर वाद घालणारा येडाच. पण खेळता येणं आणि खेळ समजावून सांगता येणं ही दोन वेगळी कामं आहेत राव. जेजे रेडिक हाही एनबीएचा जुना प्लेअर, त्याच्याकडे एकही रिंग नाही, तो कधी ऑलस्टारही नव्हता, तरी त्याने पॉडकास्टवर लेकर्सचा स्टार लेब्रॉन जेम्ससोबत बसून सेट्स (आखलेल्या चाली) उलगडून दाखवले तेव्हा लोक वही घेऊन बसले, आणि 2024 मध्ये तोच लेकर्सचा कोच झाला. कॉमेंटेटर डोरिस बर्क एनबीएत खेळलेली नाही, पण 2024 च्या फायनल्सला टीव्हीवर ॲनालिस्ट म्हणून तीच बसली होती. आपल्याकडे हर्षा भोगले एकही टेस्ट खेळला नाही, त्याला कोणी म्हणतं का की आधी सेंच्युरी मार मग माइक धर?

आता "तोंडावर खरं बोलतो". यात सगळ्यात जास्त फिरवली जाते ती डॉनोव्हन मिचेलची क्लिप. 21 जानेवारी 2021, त्याची टीम यूटा जॅझ जिंकलीय, पोराने 36 मारलेत, घाम पुसत इंटरव्ह्यूला आलाय, आणि शॅक त्याला ऐकवतो की तू माझ्या आवडत्या प्लेअर्सपैकी आहेस पण पुढच्या लेव्हलला जायला जे लागतं ते तुझ्यात नाही, मी हे मुद्दाम बोललो, यावर तुझं काय म्हणणं? मिचेल थंडपणे "बरं" म्हणाला आणि वर सांगितलं की रुकी इयरपासून (लीगमधल्या पहिल्या वर्षापासून) हेच ऐकतोय. सगळे आजही त्या अवघडलेल्या शांततेवरच बोलतात, पण माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. नेमकं काय लागतं ते शॅकने सांगितलंच नाही! डाव्या बाजूने फिनिश कमी पडतो, की डबल टीम (अंगावर दोन डिफेंडर) आली की पास उशिरा सुटतो, की डिफेन्समध्ये स्क्रीनवर (वाट अडवून उभ्या प्लेअरवर) अडकतो? काहीच नाही. आणि हा तोच पोरगा ज्याने पाच महिन्यांपूर्वी डेन्व्हरविरुद्ध प्लेऑफच्या एका मॅचमध्ये 57 मारले होते. कोणी म्हणेल, मिचेल 2025 पर्यंत कॉन्फरन्स फायनलला (म्हणजे लीगच्या सेमीफायनलला) पोचलाच नाही, म्हणजे शॅकचं खरं ठरलं की. अहो, अंदाज बरोबर निघाला म्हणजे ॲनालिसिस झालं असं नसतं. पाऊस पडणार हे माझा गुडघापण सांगतो.

त्याच वर्षी यूटाचं जे झालं त्यात शिकण्यासारखं खूप होतं. जॅझ रेग्युलर सीझनमध्ये लीगमध्ये पहिले, आणि दुसऱ्या राउंडला क्लिपर्सकडून आउट. सहाव्या मॅचला 25 ची लीड घालवली. का? तर क्लिपर्सनी मोठा सेंटर बसवून ठेवला आणि पाचही जण बाहेर पसरवले. जॅझने आपला सेंटर रूडी गोबेर क्लिपर्सच्या टेरन्स मॅनवर ठेवला होता, मॅन कॉर्नरला उभा. जॅझचे पुढचे गार्ड आपापल्या माणसाला आत घुसू देत होते, मग गोबेरला रिम (बास्केट) सांभाळायला जावंच लागायचं, की बॉल कॉर्नरला, की मॅनचा थ्री. असे सात थ्री आणि एकूण 39 पॉइंट. आता यात चूक कोणाची, गोबेरची की दार उघडं ठेवणाऱ्या गार्डांची? यावर अर्धा तास बोलता येतं. शॅकचा गोबेरवरचा कायमचा मुद्दा मात्र काय, तर एवढेसे पॉइंट करणाऱ्याला 20 कोटी डॉलर कसले देता. अरे, तो माणूस चार वेळा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर आहे! सेंटरचा खेळ कळणाऱ्याला सेंटरचा डिफेन्स दिसू नये याला काय म्हणायचं.

थ्रीवाल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे हे मी मान्य करतो, 2000 च्या आसपास एक टीम मॅचला 14 च्या आसपास थ्री टाकायची, आता 35 च्या वर गेलेत, काही मॅच खरंच बोर होतात. पण कारण पोरं मऊ झाली हे नाही. 36 टक्क्यांनी थ्री पडले तर 100 शॉटला 108 पॉइंट. दोनवाल्या शॉट्सनी तेवढे करायचे तर 54 टक्के लागतात. शॅकचं स्वतःचं करिअर शूटिंग 58 टक्के, म्हणून त्याला बॉल देणं हे गणितातही बसत होतं. बाकी कोण आहे तसा? त्यात 2001-02 पासून झोन डिफेन्सला (माणसाऐवजी जागा राखण्याला) परवानगी मिळाली, म्हणजे पोस्टवर (बास्केटजवळच्या जागेत) बॉल यायच्या आधीच मदतनीस येऊन उभा राहू शकतो. (2002 ची रिंग त्याने त्याच नियमात घेतली हे खरं, पण तो शॅक होता.) तो प्रत्येक बिग मॅनला सांगतो की आत घुस, चिडून खेळ, समोरचा म्हणजे बार्बेक्यू चिकन, म्हणजे सोपी शिकार. सात फूट एक इंच आणि दीडशे किलोच्या जवळ असाल तर सल्ला बरोबर आहे. बाकीच्यांनी डेन्व्हरचा सेंटर योकिचकडे बघावं, तोही पोस्टवरूनच खेळतो, पण पास देऊन. तीन एमव्हीपी आणि 2023 ची रिंग.

होमवर्कबद्दल न बोललेलंच बरं. 2021 मध्ये ह्यूस्टनच्या क्रिश्चन वूडला त्याने टीव्हीवरच सांगितलं की सॉरी, तुझा गेम मला फारसा माहीत नव्हता. मीम भारी झाला, मीपण वापरतो. पण हे बघण्याचेच त्याला पैसे मिळतात ना? शोमधला त्याचा जोडीदार चार्ल्स बार्कली तर कोण कुठल्या टीममध्ये खेळतो हेच चुकतो आणि त्याचा वेगळा सेगमेंट आहे.

राहिला शोचा नंबर. चौघं मिळून धमाल येते, शॅकशिवाय मजा नाही, 2025 मध्ये शो ईएसपीएनवर गेला तरी बघणारे बघतातच, मीपण. पण होस्ट अर्नी जॉन्सन गाडी रुळावर ठेवतो आणि चौथा, केनी स्मिथ, उठून मोठ्या स्क्रीनकडे पळतो, प्ले थांबवतो, कोण कुठे चुकला ते दाखवतो, म्हणून त्याला बास्केटबॉलचा शो म्हणायचं. पोराला पिक अँड रोल (दोघांची बास्केटबॉलमधली नेहमीची चाल) समजावायचा असेल तर केनीची क्लिप लावा, शॅकची जेवताना बघा.