मार्शमेलोऐवजी बटाटा

चाकणच्या एका कंपनीत टीम बिल्डिंगचं वर्कशॉप घ्यायचं होतं आणि एचआरने दिवस ठरवला गुरुवार, का तर इंडस्ट्रीला सुट्टी, मशीन बंद, माणसं मोकळी. गुरुवारीच मेंटेनन्ससाठी लाइट जाते हे पुण्यात वीस वर्षं काढलेल्या बाईच्या डोक्यात यायला नको का? नाही आलं. दहा वाजता प्रोजेक्टर लावला, दहा दोनला लाइट गेली. "जनरेटर आहे ना?" "आहे की मॅडम, डिझेल नाहीये."

माझ्या ४२ स्लाइड्स लॅपटॉपमध्येच राहिल्या. हॉलची भट्टी झाली म्हणून सगळी वरात कॅन्टीनमध्ये.

म्हटलं ठीके, आइसब्रेकर घेऊ. स्वतःबद्दलची अशी एक गोष्ट सांगा जी इथे कुणालाच माहीत नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी स्टोअरचे काका म्हणाले, "पंधरा वर्षं एका बसने येतोय मॅडम, ह्याचं लग्न कसं मोडलं होतं तेपण माहितीये. तुम्हाला कोणाचं काय पाहिजे ते विचारा, आम्ही सांगतो." आइसब्रेकर तिथेच बंद केला, कारण दोघंजण खरंच सांगायच्या तयारीत होते.

मग स्टिकी नोट्स. कामातल्या अडचणी लिहा आणि भिंतीवर चिकटवा. तो हलका गोंद १९६८ मध्ये अमेरिकेत स्पेन्सर सिल्व्हर नावाच्या माणसाने केला, त्याचं करायचं काय हे बरीच वर्षं कोणाला कळेना आणि शेवटी १९८० मध्ये त्या चिठ्ठ्या बाजारात आल्या वगैरे मी अगदी रंगवून सांगितलं. त्या बिचाऱ्याने कॅन्टीनचं डिस्टेंपर पाहिलं नव्हतं. चिठ्ठी चिकटवली की भिंतीची पावडर घेऊन खाली. गोळा करून वाचल्या तर २६ पैकी १९ वर 'पगार'. एचआरवाले खिडकीबाहेर बघत होते.

आता राहिला माझा हुकमाचा एक्का, मार्शमेलो चॅलेंज. २० स्पॅगेटीच्या काड्या, एक यार्ड टेप, एक यार्ड दोरा, १८ मिनिटं, उंच मनोरा उभारायचा आणि टोकावर मार्शमेलो. पिशवी उघडली तर मोशीच्या खड्ड्यांनी स्पॅगेटीचा रवा केलेला! मार्शमेलो शाबूत होते, पण एकाने पाकीट फिरवून तपकिरी त्रिकोण बघितला. "मॅडम, जिलेटिन म्हणजे नॉनव्हेजच ना? आज गुरुवार आहे." निम्मं कॅन्टीन स्वामींचं, उरलेलं साईबाबांचं. खायचं नाहीये हो, नुसतं वर ठेवायचंय, असं म्हणून बघितलं, पण हात लावायलाच कोणी तयार नाही.

तेवढ्यात भाजी चिरत बसलेल्या कॅन्टीनच्या मावशी न विचारता उठल्या आणि नवा कोरा खराटा, सुतळीचा गुंडा नि पाच बटाटे माझ्यासमोर आणून ठेवले. "हे घ्या. काड्याच पायजेत ना?" झालं, २० काड्यांचा नियम गेला खड्ड्यात, आणि मार्शमेलोचं वजन ते काय, बटाटा म्हणजे बटाटा.

मॅनेजर लोकांच्या टेबलावर लीडर कोण यात सात मिनिटं गेली. मग त्यांनी कागदावर डिझाइन काढलं, छान होतं. मनोरा पण छान झाला आणि सतराव्या मिनिटाला त्यावर बटाटा ठेवल्यावर अगदी मान खाली घालून बसला. ह्या खेळात बिझनेस स्कूलवाले बालवाडीच्या पोरांकडून हरतात, कारण पोरं पहिल्यापासून मार्शमेलो लावून बघत असतात, अशी माझी स्लाइड होती, नंबर ३१. गरजच पडली नाही. फॅब्रिकेशनच्या पोरांनी आधी बटाट्यात तीन जुड्या खुपसल्या, तिवई उभी केली, ती पडली, परत केली, मग खालून उंची वाढवत नेली. त्यांच्यातला एक सारखा म्हणत होता, "लोड आधी बघ रे, लोड." मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं, पुढच्या वर्कशॉपला माझं म्हणून वापरणार आहे.

मी टाळ्या वाजवायला सांगणार तेवढ्यात लाइट आली. कॅन्टीनचे सगळे पंखे पाचवर होते. चार मनोरे गेले, चिठ्ठ्या उडून सांबारात पडल्या, फॅब्रिकेशनचा तेवढा डुलत डुलत उभा. एचआरवाले खूश होऊन म्हणाले, "चला मॅडम, आता स्लाइड्स सुरू करूया!"

मावशी पातेलं घेऊन उभ्याच होत्या. "स्लायडी मागनं. आधी माझे बटाटे सोडवा, साडेबाराला जेवण लावायचंय."