पन्नास राज्यांचा नकाशा आणि त्यात न दिसणारं पाणी

दर काही महिन्यांनी एक नकाशा मोबाईलवर येऊन पडतो. भारताचे पन्नासेक रंगीत तुकडे, त्यात उत्तर प्रदेशाचे चार, महाराष्ट्राचे तीन. प्रत्येकाला नवं नाव. खाली मजकूर असा, की अमेरिकेत 33 कोटी लोकांना 50 राज्यं आणि आपल्याकडे 140 कोटींना फक्त 28. छोटं राज्य म्हणजे जलद विकास. तुकडे झाले की निधी आणि खासदार दोन्ही वाढतात. बाबासाहेबांनाही हेच हवं होतं. आणि संसदेत साधं बहुमत असलं की काम फत्ते. कधी कधी 'केंद्राने ठरवलंय' अशी पुस्तीही असते. जून 2022 मध्ये कर्नाटकातले तेव्हाचे मंत्री उमेश कत्ती यांनी 2024 च्या निवडणुकीनंतर 50 राज्यं होतील असं जाहीरपणे सांगितलं आणि या नकाशाला जोर चढला. मुख्यमंत्री बोम्मई यांनी असा कुठलाही प्रस्ताव नसल्याचं सांगितलं होतं, पण खुलासे कोण फॉरवर्ड करतो? निवडणूक होऊन गेली, राज्यं 28 च आहेत.

छोटी राज्यं नकोतच, असं माझं म्हणणं नाही. माझा आक्षेप लोकसंख्येला एका आकड्याने भागून राज्यं काढण्याला आहे.

'अमेरिकेकडे बघा'

बघू या. कॅलिफोर्नियात जवळपास 4 कोटी लोक, वायोमिंगमध्ये 6 लाखांहून कमी. दोन्ही राज्यंच, दोन्हींना सिनेटमध्ये दोन-दोन जागा. म्हणजे 'इतक्या लोकांमागे एक राज्य' असा हिशेब तिथे कुणी कधी केलेलाच नाही. उलट, तिथल्या राज्यघटनेप्रमाणे एखाद्या राज्यातून नवं राज्य काढायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. शेवटचं असं विभाजन 1863 मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत झालं, तेव्हा व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया निघालं. पुढची दीडशेहून अधिक वर्षं कॅलिफोर्निया तसंच अवाढव्य आहे.

मग तिथला कारभार लोकांच्या जवळ कसा? काउंट्या, नगरपालिका, शाळांची मंडळं, पाण्याची मंडळं धरून तिथे सुमारे 90 हजार स्थानिक सरकारं आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना स्वतःचा कर लावता येतो. नकाशावाल्यांनी अमेरिकेतून 50 हा आकडा तेवढा उचलला, हे 90 हजार तिथेच ठेवले.

'छोटं राज्य म्हणजे विकास'

नोव्हेंबर 2000 मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल (आजचं उत्तराखंड) आणि झारखंड अशी तीन राज्यं पंधरवड्याच्या आत जन्माला आली. एकाच घरातली तीन भावंडं म्हणावीत, तर तिन्हींच्या तीन तऱ्हा. झारखंडकडे कोळसा, लोखंड सगळं होतं. तरी पहिल्या 14 वर्षांत एकाही मुख्यमंत्र्याला पाच वर्षं पूर्ण करता आली नाहीत आणि तीनदा राष्ट्रपती राजवट लागली. मधू कोडा हे अपक्ष आमदार मुख्यमंत्री झाले आणि पुढे कोळसा खाण वाटपाच्या खटल्यात दोषी ठरले. छत्तीसगडच्या रेशन व्यवस्थेचं देशभर कौतुक झालं, ते रास्तच होतं.

उत्तराखंडचं उदाहरण सगळ्यात जास्त दिलं जातं, म्हणून ते नीट पाहावं. उत्पन्नात हे राज्य उत्तर प्रदेशाच्या पुढे गेलं, यात वाद नाही. पण 2003 मध्ये केंद्राने तिथल्या उद्योगांना करसवलती दिल्या आणि कारखाने आले ते हरिद्वार, पंतनगर अशा सपाटीवरच्या भागात. राज्य मागितलं होतं डोंगरातल्या लोकांनी. 2011 च्या जनगणनेत पौडी आणि अल्मोडा या डोंगरी जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली दिसली, कारण गावं रिकामी होत होती. लखनौ लांब म्हणून राज्य मिळवलं, आणि आता तक्रार डेहराडून लांब असल्याची. डोंगरातल्या गैरसैणला राजधानी करा ही मागणी त्यातूनच जिवंत राहिली; 2020 मध्ये उन्हाळी राजधानीवर तिची बोळवण झाली.

छोट्या विधानसभेचं एक गणित या मजकुरात कधीच नसतं. घटनेप्रमाणे मंत्री एकूण आमदारांच्या 15 टक्क्यांहून जास्त नसावेत, पण किमान 12 ची मुभा आहे. महाराष्ट्रात 288 आमदारांमागे 43 मंत्री. गोव्यात 40 आमदारांत 12 मंत्री, म्हणजे जवळपास दर तिसरा आमदार मंत्री होऊ शकतो. पक्ष फोडायला तिथे मूठभर आमदार पुरतात. 2019 मध्ये काँग्रेसचे 15 पैकी 10 आणि 2022 मध्ये 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले. राज्य छोटं असण्याचा हाही एक अर्थ आहे.

'निधी वाढतो, खासदार वाढतात'

हे झटपट उरकू. बिहारचे 54 खासदार होते, त्यांचे 40 आणि 14 झाले. मध्य प्रदेशाचे 40 होते, ते 29 आणि 11. आंध्रचे 42, ते 25 आणि 17. बेरीज करून बघा. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटाही एकच, पंधराव्या वित्त आयोगाने 41 टक्के ठरवलेला. तोंडं वाढली म्हणून तो वाढत नाही. वाढतो तो विधानभवन, सचिवालय, राजभवन आणि महामंडळांचा खर्च.

'बाबासाहेबांनीही हेच सांगितलं होतं'

अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घोटाळ्याचं. 1955 मध्ये डॉ. आंबेडकरांनी उत्तर प्रदेशाचे तीन, बिहार आणि मध्य प्रदेशाचे प्रत्येकी दोन भाग सुचवले होते आणि महाराष्ट्राचे चार. पण त्यांची काळजी वेगळी होती. एकट्या उत्तरेच्या आकाराने दक्षिण दबून जाऊ नये, आणि राज्यातल्या बहुसंख्य जातीच्या वर्चस्वाखाली अल्पसंख्य जाती भरडल्या जाऊ नयेत, ही ती काळजी. लोकसंख्येचं सरसकट माप त्यांनी लावलं नव्हतं. शिवाय त्यांच्या 'मध्य महाराष्ट्रा'त मराठवाड्याबरोबर नाशिक आणि अहमदनगर हे जिल्हेही होते. आजच्या नकाशात मराठवाडा वेगळा निघतो तेव्हा नाशिक-नगर बहुधा पलीकडे जातात. हा फरक किरकोळ नाही, कारण गोदावरी तिथूनच खाली येते.

'रेषा बदलल्या की भांडणं मिटतील'

खरी मेख इथे आहे.

पैठणच्या जायकवाडीत पाणी कमी आलं की वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून ते खाली सोडायचं की नाही, यावर दर कमी पावसाच्या वर्षी रणकंदन होतं. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून विरोध, मराठवाड्यातून मोर्चे, दोन्हीकडून कोर्टात धाव. तरी एक नियम आहे. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा 2005 चा. मेंढेगिरी समितीच्या सूत्रावरून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 मध्ये आदेश दिला, की 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावं. नोव्हेंबर 2023 मध्ये विरोध असतानाही पाणी सुटलं. कुरकुर करत का होईना, एकाच राज्याचा कायदा, एकच जलसंपदा खातं आणि एकच उच्च न्यायालय असल्यामुळे हे काही आठवड्यांत निभावतं.

आता मधून राज्याची सीमा काढा. हाच वाद आंतरराज्य नदी पाणीतंटा होतो आणि 1956 च्या कायद्याखाली लवादाकडे जातो. कावेरीचा लवाद 1990 मध्ये नेमला, निवाडा 2007 मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2018 मध्ये. खुद्द गोदावरीचंच हवं असेल तर नांदेड जिल्ह्यातला बाभळी बंधारा आहे. आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात. पावसाळ्यातलं पाणी समोरून वाहत जातं आणि धर्माबादचा शेतकरी काठावरून बघतो. जायकवाडीच्या शेतकऱ्याला हेच द्यायचं आहे का?

तेलंगणाचा अनुभव तर ताजा आहे. नागार्जुनसागर धरण दोन राज्यांच्या सीमेवर आलं. 30 नोव्हेंबर 2023 ला, तेलंगणात मतदान होतं त्याच दिवशी, आंध्रच्या पोलिसांनी धरणाच्या 26 पैकी 13 दरवाज्यांचा ताबा घेतला. शेवटी केंद्रीय राखीव पोलीस दल आणावं लागलं. मालमत्तेचंही तेच. विभाजन कायद्याच्या नवव्या आणि दहाव्या परिशिष्टांत वाटून घ्यायच्या दोनशेहून अधिक संस्था होत्या. राज्य 2 जून 2014 ला झालं, हैदराबाद दहा वर्षं सामाईक राजधानी राहिली, ती मुदतही 2 जून 2024 ला संपली, आणि जुलैमध्ये दोन्ही मुख्यमंत्री भेटले तेव्हा याच संस्थांची वाटणी चर्चेला होती. तेलंगणा व्हायला नको होतं, असं नाही. तिथे दशकांची लोकमागणी होती, माणसांनी जीव दिले होते. इतकी प्रबळ मागणी असूनही वाटणी दहा वर्षांत पुरी होत नाही. मागणी नसलेल्या वीस-बावीस ठिकाणी ती करायची, हा या नकाशाचा प्रस्ताव आहे.

नवी रेषा म्हणजे नवं सीमाभाग प्रकरण, हे मराठी माणसाला कुणी सांगायला नको. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा. बेळगावचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात.

'संसदेत साधं बहुमत पुरतं'

हे मात्र खरं आहे. कलम 3 नुसार राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येतं, राज्य विधिमंडळाचं मत मागवलं जातं, पण ते बंधनकारक नसतं. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी 2014 मध्ये विधेयक फेटाळलं, तरी फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं. याची कायदेशीर बाजू पक्की झाली तीही आपल्याच प्रकरणात. 1956 मध्ये मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन वेगळे घटक करण्याच्या विधेयकावर विधिमंडळाचं मत घेतलं, आणि संसदेने ऐनवेळी ते बदलून द्विभाषिक मुंबई राज्य केलं. पुन्हा विचारायला हवं होतं, या दाव्याने बाबुलाल पराते कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये सांगितलं, पुन्हा विचारण्याची गरज नाही. कायदा पास झाला, कोर्टात टिकला, आणि तरी ते राज्य 1960 पलीकडे तगलं नाही, कारण रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्र आणि महागुजरात उभे होते. उलट बाजूने, 2011 मध्ये मायावतींच्या काळात उत्तर प्रदेश विधानसभेने स्वतः चार राज्यांचा ठराव केला, तर केंद्राने प्रश्न विचारून तो परत पाठवला.

नावाबद्दलही असाच गैरसमज आहे. शहराचं नाव बदलणं निराळं, राज्याचं बदलायला संसदेचा कायदाच लागतो. पश्चिम बंगालच्या विधानसभेने 2018 मध्ये एकमताने 'बांग्ला' हे नाव ठरवलं, तेवढ्याने नाव बदललं नाही.

उरते ती अंतराची तक्रार

ती खोटी नाही. गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाला मुंबई हजारेक किलोमीटरवर आहे. 1955 मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळा विदर्भ सुचवला होता, आणि विदर्भाची मागणी त्या नकाशाहून कितीतरी जुनी आणि गंभीर आहे. तिचा निवाडा तिच्या गुणावगुणांवर व्हावा. पण वसंतराव नाईक विदर्भातल्या पुसदचेच होते, अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले, तरी विदर्भाचा अनुशेष, म्हणजे विकासातली राहून गेलेली तूट, उरला. अनुशेषावर लक्ष ठेवायला घटनेच्या कलम 371 खाली वैधानिक विकास मंडळं 1994 मध्ये आली आणि 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. मुंबई-पुण्याच्या महापालिका मार्च 2022 नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी चालवल्या. जिल्हा करायला तर दिल्लीला विचारावंही लागत नाही: 1982 मध्ये गडचिरोली झाला, 2014 मध्ये पालघर. मंडळं परत आणणं, निवडणुका वेळेवर घेणं, जिल्हा परिषदेच्या हातात पैसा देणं, यातल्या एकाही गोष्टीसाठी नकाशाला हात लावावा लागत नाही.