गिअर उशिरा पडतो म्हणजे गिअरबॉक्स संपला?

सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार गिऱ्हाइकांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: 'ऑटोमॅटिक पिकअपचा गिअर उशिरा पडायला लागला की गिअरबॉक्स संपला समजा. त्यातलं ऑइल आयुष्यभराचं असतं, त्याला हात लावू नका. जुन्या गाडीचं ऑइल बदललं की उरलासुरला गिअरबॉक्सही बसतो. बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवा, फरक नाही पडला तर सरळ ओव्हरहॉल.' मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो. हा सल्ला ऐकून लोक नको तिथे पैसा घालतात, म्हणून लिहितोय.

आधी 'उशिरा पडतो' म्हणजे नेमकं काय ते ठरवा, कारण या एका तक्रारीत तीन तक्रारी लपलेल्या असतात. डी (पुढे जायची, ड्राइव्हची खूण) टाकल्यावर गाडी हलायला वेळ लागतो, ही एक. चालत्या गाडीत वरचा गिअर लांबतो आणि इंजिन ओरडत राहतं, ही दुसरी. दोन गिअरच्या मध्ये रेस एकदम वाढते आणि मग धप्पकन गिअर बसतो, ही तिसरी. मला काळजी वाटते ती तिसरीची, कारण तिथे क्लच घसरत असतो.

दुसऱ्या तक्रारीत कित्येकदा बिघाडच नसतो. इंजिन थंड असताना कॉम्प्युटर वरचा गिअर मुद्दाम रोखतो. ट्रेलर ओढण्यासाठीचा टो मोड चालू राहिला असेल तरी तेच होतं. आणि पिकअपला हौसेने मोठे टायर घातले असतील, तर चाकाचा घेर 10 टक्क्यांनी वाढल्यावर 40 ला पडणारा गिअर खऱ्या 44 ला पडतो. त्यात जड चाक फिरवायला ॲक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो, की गिअर आणखी लांबतो.

पहिली तक्रार घड्याळावर मोजता येते. टोयोटाच्या दुरुस्ती-पुस्तकांत ही चाचणी दिलेली आहे: ऑइल 50 ते 80 अंश गरम, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, न्यूट्रलमधून डी टाकल्यापासून झटका जाणवेपर्यंत 1.2 सेकंदांच्या आत, रिव्हर्सला 1.5 च्या आत. एकेक मिनिट थांबून तीनदा मोजायचं आणि सरासरी काढायची. फुकटची चाचणी आहे, पण गाडी उघडायच्या आधी ती केलेली मी क्वचितच पाहतो.

आता ऑइल. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबाने क्लच प्लेटा आवळल्या जातात. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, फेस होतो, आणि फेसाने दाब धरत नाही. जास्त भरलं तरी फिरते भाग ते घुसळतात, पुन्हा फेसच. शिवाय ऑइल तापलं की फुगतं, म्हणून पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच बघायची. आजच्या बऱ्याच गाड्यांत ऑइल बघायची दांडी नसतेच. गाडी सपाट जागी चालू ठेवून खालचा पातळीचा बोल्ट काढावा लागतो. म्हणून ते काम टाळलं जातं.

तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांची गाडी आठवते. सकाळी डी टाकला की तीन सेकंद काही नाही. त्यांना ओव्हरहॉलचा आकडा सांगून झाला होता. गाडीच्या पोटाला संरक्षण देणारी खालची लोखंडी प्लेट काढली तर आतल्या बाजूला माती आणि ऑइलचा बोटभर थर. गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपचा जोड झिरपत होता, आणि सगळं प्लेटवर साठत गेल्याने जमिनीवर डाग कधी पडलाच नाही. एक लिटरहून जास्त ऑइल कमी होतं. जोड बदलला, पातळी नीट केली, वेळ सेकंदाच्या आसपास आला.

'आयुष्यभराचं ऑइल' हे तर कंपन्यांची पुस्तकंच खोडून काढतात. फोर्डच्या 10 गिअरच्या एफ-150 पिकअपला दीड लाख मैलांवर ऑइल बदलायला सांगितलंय. जनरल मोटर्सने आपल्या पिकअपना जड वापरात 45,000 मैल सांगितले आहेत. त्याच जनरल मोटर्सच्या 8 गिअरच्या गिअरबॉक्समध्ये 2015 नंतर थरथर यायची (उशीर नव्हे, थरथर), आणि तिच्यावर कंपनीने काढलेला उपाय म्हणजे जुनं ऑइल काढून वेगळ्या प्रकारचं भरणं.

ऑइल बदलल्यावर गिअरबॉक्स बसल्याचे किस्से खोटे नाहीत. पण लोक ऑइल बदलतात कधी? क्लच घसरायला लागल्यावर. प्लेटा आधीच झिजलेल्या असतात, दोष मात्र नव्या ऑइलवर येतो. जुन्या गाडीला मी मशीनने दाब देऊन धुणं टाळतो. चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) खोलून निघेल तेवढं काढायचं, तेवढंच भरायचं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा, ऑइलने भरलेला भाग) बरंच ऑइल उरतं, म्हणून काही दिवसांच्या अंतराने हे दोन-तीनदा करायचं. आणि पुस्तकात लिहिलेलंच ऑइल घालायचं, 'सगळ्यांना चालणारं' नाही.

बॅटरीची वायर काढून बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने साठवलेली शिकवण पुसलीच जात नाही, त्याला स्कॅनर लागतो. आणि पुसली तर? प्रत्येक क्लचमध्ये ऑइल भरायला किती वेळ लागतो हे शिकून कॉम्प्युटरने झीज सांभाळून घेतलेली असते. ती पुसली की गाडी पुन्हा शिकेपर्यंत झटके वाढतात. बॅटरीचा एवढाच संबंध खरा: व्होल्टेज पडलं किंवा अर्थिंगची वायर गंजली की सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारे-बंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह) नीट काम करत नाहीत. ते मात्र तपासा. स्कॅनर लावलाच आहे तर गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या आणि त्यातून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या स्पीड सेन्सरचे आकडेही गाडी चालवत बघा, म्हणजे क्लच घसरतोय का ते कळेल.

ओव्हरहॉल कधी लागतोच. चेंबर उघडल्यावर चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट दिसली तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे चमकते तुकडे किंवा काळा चुरा दिसला, ऑइलला जळका वास आला, गेजवर ऑइलचा दाब कमी आला, तर पैसे घालावेच लागतील. तेव्हा कूलर आणि त्याचे पाइपही धुऊन घ्या, नाहीतर बदला. जुन्या क्लचचा चुरा तिथे अडकून राहतो, आणि गाडी चालू केली की तो थेट नव्या कामात जातो.